कंटाळा कुणाच्या मालकीचा?

दोस्तहो, आपल्या बैठकांत सगळ्या विषयांवर बोलणं होतं, कंटाळ्यावर कुणी बोलत नाही. ‘मला कंटाळा आलाय’ म्हणणारा कार्यकर्ता म्हणजे काम टाळणारा, डळमळीत, उद्या फुटणारा, असा आपला हिशोब. बाहेरच्या जगाचा हिशोब तर त्याहून जुना आहे: ही माणसं मुळातच आळशी. गावानं दिवसभर राबवून घेतलं आणि घटकाभर भिंतीला टेकला तर आळशी म्हणून हिणवलं. त्यामुळं कंटाळा लपवायला आपण पिढ्यान्‌पिढ्या शिकलो. रिकामं बसलेलं कुणाला दिसू नये म्हणून हातात उगाच काहीतरी धरायचं, हे आपल्या अंगवळणी पडलंय.

मला इथं एवढंच विचारायचंय. ज्याच्या माणसांना अजून न्याय मिळालेला नाही, त्याला रिकामं बसायचा, कंटाळा येऊ द्यायचा हक्क आहे का? की ती पोट भरलेल्यांची चैन आहे? माझं उत्तर ‘हक्क आहे’ असं आहे. तो वापरला नाही तर आधी आपलं डोकं नासतं आणि मागोमाग चळवळ. पण हे उत्तर एका दमात देता येत नाही. कारण कंटाळा एक नाही, दोन आहेत. त्या दोघांची गल्लत केली की मालकाचं फावतं.

पहिला कंटाळा साच्याचा.

मी सूतगिरणीत रिंग खात्यात आहे. लांबच्या लांब रिंग फ्रेम, दोन्ही बाजूंनी शेकडो चात्या, मिनिटाला पंधरा हजारांच्या पुढं फिरणाऱ्या. त्यांच्या मधून चालत राहायचं. तार तुटली की बॉबिन काढायची, टोक शोधायचं, रुळाशी नेऊन सांधायचं. काही सेकंदांचं काम. मग पुढची तार. पाळी संपेपर्यंत काही कोस चाललेलो असतो आणि असतो तिथंच. या कामात डोकं पुरतं लागत नाही आणि पुरतं सुटतही नाही. विचारात गुंगलं तर तुटलेली तार राहून जाते, तारेकडंच बघत राहिलं तर डोकं बधिर होतं. कवितेची एक ओळ येते. दुसरी येईस्तोवर तीन तारा तुटलेल्या असतात, आणि पहिली ओळही गेलेली असते.

यात आपला काही दोष आहे असं बऱ्याच जणांना वाटतं. ‘तुमचं लक्षच नसतं’ हे मुकादमाचं वाक्य तर ठरलेलंच. म्हणून एक माहिती सांगतो. दुसऱ्या महायुद्धात इंग्लंडच्या विमानदलात रडारच्या पडद्यावर पाणबुड्या शोधत बसलेले जवान थोड्या वेळानं समोरच्या खुणा चुकवायला लागत. नॉर्मन मॅकवर्थ या मानसशास्त्रज्ञानं त्याची परीक्षा घेतली. घड्याळासारख्या तबकडीवर काटा ठरावीक टप्प्यानं सरकायचा, मधेच कधीतरी दुप्पट उडी मारायचा. ती उडी ओळखायची, दोन तास. १९४८ साली त्यानं निष्कर्ष छापला: पहिल्या अर्ध्या तासातच लक्ष ढिलं पडायला लागतं. हे सैन्यातले लोक होते. म्हणजे एकसुरी कामात लक्ष सुटणं हा कुणाच्या जातीचा, वस्तीचा अवगुण नाही. माणसाचा मेंदू असाच आहे. यंत्राला कंटाळा येत नाही, माणसाला येतो.

बाबासाहेबांनी ही गोष्ट त्याच्याही आधी ओळखली होती. लाहोरच्या जातपात तोडक मंडळासाठी लिहिलेलं आणि मग होऊ न दिलेलं १९३६ सालचं भाषण आपण सगळे वाचतो. जात ही श्रमाची नव्हे तर श्रमिकांची विभागणी आहे, इथवर वाचतो आणि टाळ्या देतो. त्याच्याच पुढं त्यांनी म्हटलंय की उद्योगधंद्यातलं मोठं दुखणं गरिबी आणि तिच्यातले हाल एवढंच नाही. असंख्य माणसं मन न रमणाऱ्या कामाला जुंपलेली आहेत, हे त्याहून मोठं. अशा कामाचा तिटकारा येतो, ते टाळावंसं वाटतं. ज्यात माणसाचं मनही नाही आणि बुद्धीही नाही, त्या कामात कसब कुठून येणार, असा त्यांचा सवाल आहे. हे कंटाळ्याचंच शास्त्र आहे. फक्त बाबासाहेबांनी दोष माणसाच्या अंगाला चिकटवला नाही, व्यवस्थेच्या पदरात टाकला.

कंटाळवाणं काम कुणाच्या वाट्याला येतं हेही आधीच ठरलेलं असे. मुंबईच्या गिरण्यांत विणकाम खात्यात पगार जास्त. तिथं धोट्यातून सूत तोंडानं ओढून घ्यावं लागे. विटाळाचं निमित्त करून आपल्या माणसांना त्या खात्यात घेत नसत. आपली माणसं कमी पगाराच्या कताईत. १९२८ च्या संपाच्या वेळी बाबासाहेबांनी हा प्रश्न लावून धरला होता.

तेव्हा हा जो साच्याचा कंटाळा आहे, तो कवटाळायचा नाही. त्याच्याशी भांडायचं. काम आलटून पालटून द्या, मधे विसावा द्या, तास कमी करा, पगार वाढवा. ‘कंटाळ्यात आनंद माना’ असा उपदेश कुणी खात्यात येऊन करत असेल तर तो कुणाचा माणूस आहे ते आधी विचारा.

नाक्यावर उभ्या असलेल्या बेकार पोराचा कंटाळाही याच जातीचा. पदवी घेऊन चार वर्षं घरी. त्याला कंटाळ्याचे फायदे सांगणं म्हणजे उपाशी माणसाला उपवासाचे फायदे सांगणं. लादलेला, संपण्याची आशा नसलेला कंटाळा माणसाला पोखरतो. ज्यांना सतत कंटाळा येतो त्यांच्यात उदासी, जुगार आणि नशा यांचं प्रमाण जास्त आढळतं, असं अभ्यासक सांगतात. आपल्या वस्त्यांना हे अभ्यासकांकडून कळायची गरज नाही.

आता दुसरा कंटाळा. हा आपल्या स्वतःच्या वेळेतला.

ही ‘स्वतःची वेळ’ आपल्याला कुणी खिरापत म्हणून वाटलेली नाही. एकोणिसाव्या शतकात मुंबईच्या गिरण्यांत आठवड्याची सुट्टी नव्हती. सत्यशोधक नारायण मेघाजी लोखंड्यांनी १८८४ साली गिरणी कामगारांच्या सभा घेतल्या, मागणीवर हजारोंच्या सह्या घेतल्या, आणि १० जून १८९० ला गिरणीमालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली. पुढं १९४२ ते १९४६ बाबासाहेब व्हॉइसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री होते. त्या काळात, १९४५ साली, कारखान्यांत पगारी रजेचा कायदा आला. १९४६ साली बारमाही कारखान्यांतल्या आठवड्याच्या कामाची मर्यादा ५४ तासांवरून ४८ वर आली. दर आठवड्याला सहा तास कामगाराच्या पदरात पडले.

हे सहा तास कशासाठी? १९४५ सालीच बाबासाहेबांचं काँग्रेस आणि गांधींनी अस्पृश्यांसाठी काय केलं याची झाडाझडती घेणारं पुस्तक आलं. यंत्रं वाईट, चरखा बरा, या विचाराला त्यांनी त्यात उत्तर दिलंय. पोट भरणं जनावरालाही जमतं. माणूस जनावरापासून वेगळा होतो तो संस्कृतीनं. संस्कृतीला फुरसत लागते, आणि फुरसत यंत्रामुळं मिळू शकते. यंत्राचा फायदा मूठभरांनाच होतो हा यंत्राचा दोष नाही, मालकीच्या व्यवस्थेचा आहे. लोकशाही समाजानं प्रत्येक नागरिकाला फुरसतीचं आणि संस्कृतीचं जगणं दिलं पाहिजे, असं त्यांनी मांडलं. म्हणजे फुरसत ही त्यांच्या लेखी चैन नव्हती. ते माणूसपणाचं भांडवल होतं.

पण फुरसत मिळाली की तिच्या दारात पहिला भेटतो तो कंटाळाच. काम नाही, कुणाचा हुकूम नाही, आणि आता काय करायचं ते कळत नाही. जीव वर-खाली होतो. कॅनडातले मानसशास्त्रज्ञ जॉन ईस्टवूड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१२ साली कंटाळ्याची व्याख्या केली. तिचा मतलब असा: मनाला कशात तरी गुंतायचं असतं आणि गुंतता येत नसतं, त्या तगमगीला कंटाळा म्हणायचं. ही व्याख्या मला पटते. आळशी माणसाला काही करायचंच नसतं. कंटाळलेल्या माणसाला करायचं असतं. काय करायचं तेवढं सापडलेलं नसतं. आळस आणि कंटाळा यांत एवढं अंतर आहे.

ही तगमग सोसत नाही. २०१४ साली अमेरिकेत टिमोथी विल्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी माणसांना एकेकटं रिकाम्या खोलीत पंधरा मिनिटं बसवलं. करायला काही नाही, नुसते आपले विचार. हाताशी विजेचा सौम्य झटका देणारं बटण. तो झटका त्यांनी आधी घेऊन बघितलेला होता, आणि तो टाळायला पैसे मोजू असंही सांगितलेलं होतं. तरी त्या पंधरा मिनिटांत अठरा पुरुषांपैकी बारा जणांनी आणि चोवीस बायांपैकी सहा जणींनी स्वतःला झटका देऊन घेतला. स्वतःच्या डोक्यासोबत बसण्यापेक्षा वीज बरी वाटली.

आपल्यालाही ते बटण मिळालंय, खिशात. पाळी सुटते आणि गेटबाहेर पडता पडता शंभर मोबाईल पेटतात. अंगठा सरकायला लागतो. अत्याचाराचा व्हिडिओ, त्याच्याखाली जयंतीचं गाणं, त्याच्याखाली चपलांची जाहिरात, त्याच्याखाली कुणीतरी आपल्याला दिलेली शिवी, तिला आपलं उत्तर. आठ तास तार तुटू द्यायची नाही हे काम केलं, पुढं तीन तास तेच काम. फरक इतकाच की याचा पगार आपल्याला मिळत नाही. आपलं लक्ष गोळा करून जाहिरातवाल्याला विकायचं, हा त्या कंपन्यांचा धंदा आहे. लोखंड्यांनी मिळवलेला रविवार आपण असा न मागता परत देऊन टाकतोय.

यावर आपले मित्र म्हणतात, मोबाईलवरच तर आपली चळवळ चालते. बातमी कळते, माणसं जमतात. खरंय. मी मोबाईल फेकून द्या म्हणत नाही. पण माझ्या ओळखीतल्या एका कार्यकर्त्याचं सांगतो. वय चोवीस. वस्तीत कुणाला मारहाण झाली की हा पहिला पोलीस ठाण्यात. जयंतीची वर्गणी, वाचनालय, दवाखाना, तहसील, सगळीकडं हाच. रात्री दोनला फोन वाजला तरी उचलणार. अभिमान वाटायचा सगळ्यांना. मग झोप गेली. मग बोलता बोलता रडायला लागला, क्षुल्लक गोष्टीवर अंगावर धावून जायला लागला. काही जण म्हणाले, याच्या डोक्यात हवा गेली. काही म्हणाले, वेड लागलं. अखेर डॉक्टरकडं नेला. दोन वर्षांत हा माणूस एक संध्याकाळ नुसता बसला नव्हता. बसला की अपराधी वाटायचं. ‘बाबासाहेब अठरा अठरा तास अभ्यास करायचे आणि मी बसून राहू?’ असं तो म्हणायचा.

हे ‘अठरा तास’ आपल्या उरावर बसलंय. जयंतीला ठिकठिकाणी सलग अठरा तास अभ्यासाचा उपक्रम होतो, चांगलाच आहे. पण त्याचा अर्थ नीट लावला पाहिजे. अठरा तास धावणं आणि अठरा तास एका जागी बसून वाचणं या वेगळ्या गोष्टी. सलग वाचायला बसतो त्याला कंटाळा येणारच, चाळिसाव्या पानावर येतो, कायद्याच्या कलमांत येतो, आकड्यांच्या तक्त्यात येतो. तो येतो तेव्हा जो उठत नाही, त्यालाच पुढचं पान मिळतं. दर दोन मिनिटांनी ज्याला नवं चित्र लागतं त्याच्या हातून ‘रुपयाचा प्रश्न’ वाचून होणार नाही. आणि त्याच बाबासाहेबांनी उतारवयात व्हायोलिन शिकायला घेतलं होतं, हेही विसरू नये. व्हायोलिननं कुठला मोर्चा निघत नाही. तरी त्यांनी ते हातात घेतलं.

आता कंटाळ्याच्या फायद्याचं. लोक फार वाढवून सांगतात, म्हणून जपून सांगतो. मार्कस रेकल या मेंदूच्या अभ्यासकानं २००१ साली दाखवलं की बाहेरचं काम थांबलं तरी मेंदू थंड पडत नाही. त्याचे काही भाग तेव्हाच जास्त चालू होतात. जुनं आठवणं, पुढचं योजणं, स्वतःबद्दल आणि दुसऱ्यांबद्दल विचार करणं, या गोष्टींशी ते भाग जोडलेले आहेत, असं पुढच्या अभ्यासांतून दिसलं. इंग्लंडमध्ये सँडी मॅन आणि रिबेका कॅडमन यांनी २०१४ साली माणसांना टेलिफोनच्या डिरेक्टरीतले नंबर नकलायला लावले आणि मग विचारलं, प्लास्टिकच्या कपांचे उपयोग सांगा. कंटाळलेल्यांना जास्त उपयोग सुचले. पण कंटाळा आला की कविता येते असं काही नाही, नाहीतर रिंग खात्यातून दर पाळीला शंभर कवी बाहेर पडले असते. कंटाळा फक्त जागा मोकळी करतो. त्या जागेत काय येतं ते आपलं.

आणि आपल्या जागेत काय येतं? पुस्तकातल्या मध्यमवर्गीय माणसाच्या कंटाळ्यात बालपणाचं आंगण येत असेल. आपल्या शांततेत आधी अपमान येतो. शाळेत वेगळं बसवलेलं येतं. नाव विचारून झाल्यावर आडनाव विचारणारा येतो. बापाचं कर्ज येतं. गेलेलं माणूस येतं, ज्याच्यासाठी रडायला सुट्टी मिळाली नव्हती. म्हणून आपण रिकामं बसायला इतके घाबरतो. पण हे सगळं आत साठलेलं असतंच. आपण बघितलं नाही म्हणून ते जात नाही. मग ते भलत्या ठिकाणी बाहेर पडतं, बायकोवर, मित्रावर, नाहीतर गुत्त्यात. थोडं थोडं, रोज, आपणहून त्याच्यासमोर बसलं तर त्याला नाव देता येतं. नाव दिलेल्या दुःखाची मागणी करता येते, कविता करता येते. बिननावाच्या दुःखाची नुसती आदळआपट होते.

बुद्धाच्या शिकवणीत हा भेद फार बारकाईनं केलेला आहे. पालीत दोन वेगळे शब्द आहेत. एक थीनमिद्ध, म्हणजे मनाची आणि अंगाची सुस्ती. ते पाच नीवरणांपैकी एक, वाटेतली धोंड. दुसरा निब्बिदा, म्हणजे वीट. पंचवर्गीय भिक्खूंना सांगितलेल्या अनत्तलक्खण सुत्तात क्रम असा आहे: जसं आहे तसं बघितलं की निब्बिदा येते, निब्बिदेतून विराग, विरागातून विमुक्ती. म्हणजे वीट येणं ही मुक्तीच्या वाटेवरची पायरी आहे. फक्त ती नीट बघितल्यावर येते, डोळे झाकून येत नाही. १९२७ साली महाडला मेलेल्या ढोराचं मांस सोडा असं बाबासाहेबांनी सांगितलं आणि माणसांनी ते सोडलं. त्यांना त्या जिण्याचा वीट येऊ शकला म्हणूनच ना? ज्याला कशाचाच वीट येत नाही, तो काहीच टाकत नाही. आपल्या कंटाळ्याला दर वेळी मोबाईलचं चॉकलेट देऊन गप्प बसवलं, तर ज्या जिण्याचा वीट यायला हवा तेच जिणं गोड लागायला लागतं.

अजून एक हिशोब बाकी आहे, आणि तो आपल्या घरातला आहे. मी गॅलरीत निवांत बसतो तेव्हा आत माझी आई भांडी घासत असते. तिला कंटाळा आल्याचं मी कधी ऐकलं नाही. तो यायला दोन घटका हात रिकामे लागतात. मालकानं आपली फुरसत खाल्ली म्हणून आपण ओरडतो, आणि आपली फुरसत आई, बहीण, बायकोच्या घामावर उभी असते. रिकामं बसायचा हक्क मागणाऱ्यानं आधी उठून भांडी घासावीत. मग तिच्यासोबत बसावं. नाहीतर हा हक्क नाही, ही बामणी सोवळ्याचीच दुसरी आवृत्ती.

तेव्हा माझं म्हणणं साधं आहे. साच्याचा आणि बेकारीचा कंटाळा लढून कमी करायचा. आपल्या वेळेतला कंटाळा मात्र कुणाला विकायचा नाही. रोज पंधरा मिनिटं मोबाईल ट्रंकेत टाकून ओट्यावर, गॅलरीत, कुठंही बसायचं. ध्यान नाही, मंत्र नाही, काही साधायचं नाही. पहिली पाच मिनिटं वाईट जातील. जाऊ द्या. बैठकीच्या सुरुवातीला दहा मिनिटं सगळे गप्प बसून बघा, मग कामकाज घ्या. मला वाटतं, निम्मी भांडणं कमी होतील. आणि बसल्यावर जे येतं ते फारच जड झालं, झोप उडाली, जगू नये असं वाटायला लागलं, तर तो कंटाळा नव्हे, ते आजारपण आहे. त्याला एकट्यानं तोंड देऊ नये. मित्राला सांगावं, डॉक्टरकडं जावं. सरकारचा टेली-मानसचा १४४१६ हा फुकट नंबर २०२२ सालापासून आहे, त्यावर बोलता येतं. पाय मोडला तर आपण लाजत नाही, डोकं दुखावलं तर का लाजावं?

तो चोवीस वर्षांचा कार्यकर्ता आता बरा आहे. कामालाही लागलाय. पण रविवारी दुपारनंतर तो फोन उचलत नाही. काही जण अजून त्याला नावं ठेवतात. आपण त्याच्या बाजूनं उभं राहायचं की नाव ठेवणाऱ्यांच्या, एवढं तुम्ही ठरवा. पटलं नाही तर पुढच्या अंकात भांडू. पण उत्तर लिहायच्या आधी पंधरा मिनिटं बसून या.

जयभीम.